बिननावाचं काम

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एकोणीस कॉम्प्युटर होते, आणि एकोणीसच्या एकोणीस मरणाच्या दारातून परत आणलेले. एका विमा कचेरीने ते भंगारात काढले तेव्हा ग्रंथपालांनी हातापाया पडून मागून आणले. टेलिफोन खात्यातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेल्या एका माणसाने मग ते एकेक करून उघडले, धूळ झाडली, मेलेल्यांचे सुटे भाग काढून जगणाऱ्यांना लावले. पण लोखंड दुरुस्त झालं म्हणून कॉम्प्युटर चालत नाही. आतला सगळा कारभार बघणारी ऑपरेटिंग सिस्टिम लागते, आणि विकतची नवी सिस्टिम या म्हाताऱ्या मशीनना पेलली नसती. म्हणून त्याने दुसरी शोधली. देशोदेशीच्या काहीशे माणसांनी मिळून लिहिलेली, कुणाच्याच मालकीची नसलेली. तिचं आतलं लिखाण सगळ्यांसाठी उघडं. कुणीही बघावं, सुधारावं, पुढच्याला द्यावं. ओपन सोर्स म्हणतात त्याला. मेकॅनिकने ती घेतली, मशीनना झेपेल इतकी हलकी केली, तिचं सगळं बोलणं आपल्या भाषेत आणलं, आणि एकोणीस ठिकाणी बसवली.

सात वर्षं ती बिनतक्रार चालली. इतकी बिनतक्रार, की ती आहे हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

मेकॅनिकला दोन मुलं. थोरला दूर नोकरीला, दर रविवारी फोन करणारा. धाकटी लग्नाच्या फंदात न पडता बापाजवळ राहिलेली. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. धाकटी एका जाहिरात कंपनीत ओळी लिहायची. साबणाच्या, पंख्यांच्या, बँकेच्या. रस्त्यावरच्या मोठ्या फलकांवर ज्या चार-पाच शब्दांच्या ओळी असतात आणि ज्या आपण न वाचताही आपल्याला पाठ होतात, त्या तिच्यासारखं कुणीतरी लिहीत असतं. ती त्यात तरबेज होती. बापलेकीत एकच जुना वाद होता. मेकॅनिकने सिस्टिम बसवताना सुरुवातीला दिसणारं नाव आणि चिन्ह काढून टाकलं होतं. कॉम्प्युटर लावला की आधी करडा पडदा यायचा, मग थेट काम.

"बाबा, निदान नाव तरी ठेवा," ती म्हणायची.

"नळाचं पाणी पिताना नळ बसवणाऱ्याचं नाव विचारतेस का?"

"नळाला स्पर्धा नसते."

"चांगल्या कामाला डांगोरा लागत नाही," असं म्हणून तो हसायचा. ते हसणं तिला लागायचं. कारण तिचं अख्खं पोट डांगोऱ्यावर चालायचं.

आठव्या वर्षी वाचनालय मंडळाने ठरवलं की एकेचाळीस शाखांमध्ये एकच सिस्टिम असावी. एका बड्या कंपनीने लगेच हात पुढे केला. तिचं चिन्ह पिवळा कंदील, म्हणून लोक तिला कंदीलवालीच म्हणायचे. गावभर तिचे फलक, बसच्या पाठीवर कंदील, पोरांच्या दप्तरांना लटकणारे कंदील. आणि जाहिरातीचं काम कंदीलवालीने धाकटीच्याच कंपनीला दिलं.

धाकटीची मालकीण एक करारी बाई होती. सगळे तिला नुसतं बाईच म्हणत. तिने धाकटीला समोर बसवून सांगितलं, "हे तूच कर. वाचनालय तुझ्या पायाखालचं आहे. वाचनालयं आली की मागोमाग शाळा येतील."

धाकटीने तिथेच सांगायला हवं होतं की वाचनालयात आत्ता जे चालतं ते माझ्या बापाने बसवलंय. ती सांगायला तोंड उघडणार तोच बाईंना फोन आला, आणि फोन संपेस्तोवर धाकटीने स्वतःची समजूत घातली होती. काम ते काम. शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, जी तिने पुढे कितीतरी दिवस स्वतःशीही कबूल केली नाही. एकदा कळू दे त्यांना, असं तिला वाटत होतं. एकदा कळू दे, की डांगोरा म्हणजे काय चीज आहे.

घरी मात्र तिने लपवलं नाही. मेकॅनिक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक कीबोर्ड घेऊन बसला होता. झिजून गेलेल्या अक्षरांवर तो कागदाची नवी अक्षरं चिकटवत होता.

"बाबा, कंदीलवालीचं काम माझ्याकडे आलंय."

त्याने चिमट्यातलं अक्षर खाली ठेवलं. "वाचनालयाचं?"

"हो. नको म्हणू का?"

"का म्हणून? तुझं पोटाचं काम आहे." थोडं थांबून म्हणाला, "हाती घेतलंयस तर नीट कर. पाट्या टाकू नकोस."

"ठरवायच्या आधी मंडळ सभा घेणार आहे, तुम्हालाही दहा मिनिटं बोलायला देणार आहे. मी मदत करते. चार चित्रं काढू, एक नाव देऊ, दोन वाक्यं..."

"तू दोन्ही दगडांवर पाय ठेवू नकोस," तो म्हणाला. "माझं मी बघतो. सात वर्षं लोक वापरतायत. त्यांना माहीत आहे."

त्यांना माहीत आहे, या शब्दांवर त्याचा इतका भरवसा होता की धाकटीने तो विषय तिथेच सोडला.

कंदीलवालीसाठी तिने ओळ लिहिली: जे सगळ्यांचं, तेच आपलं. बाईंनी ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने वाचली, आणि टेबलावर थाप मारली. आठवड्याभरात ती वाचनालयासमोरच्या टायरच्या दुकानावर, दोन मजले उंच, पिवळ्या अक्षरांत चढली. वाचनालयाच्या खिडकीतून दुसरं काही दिसेनासं झालं.

मेकॅनिकने ती रस्त्यात उभं राहून वाचली. संध्याकाळी लेकीला म्हणाला, "ओळ झकास आहे."

"खरंच?"

"हो. फक्त ती आमच्याबद्दल आहे."

तो रागाने बोलला नव्हता. धाकटी भांडी घासायला उठली.

पुढचा भाग होता वाचकांच्या पाहणीचा. मंडळासमोर आकडे ठेवायचे होते. धाकटी चार दिवस वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसली, समोर छापील कागदांचा गठ्ठा. पहिल्या तासातच तिला कळलं की ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्द निम्म्या लोकांनी ऐकलेला नाही. म्हणून तिने प्रश्न सोपा केला: कॉम्प्युटर लावल्यावर समोर येतं ते कुणाचं असलेलं बरं, तुम्हाला भरवशाची कोणती वाटते?

तीन नंबरच्या मशीनवर एक निवृत्त नर्स बसायची. सगळा गाव तिला सिस्टर म्हणायचा. चाळीस वर्षं तिने बाळंतपणं केली होती आणि प्रत्येकाची दोन-चार ओळींची टिपणं वह्यांत ठेवली होती. कुणाला पहाटे कळा लागल्या, कुणाचं बाळ रडायलाच तयार नव्हतं, कोण बाप जिन्यात चक्कर येऊन पडला. त्या वह्या ती चार वर्षं रोज सकाळी येऊन कॉम्प्युटरवर चढवत होती. तिचे डोळे अधू झाले तेव्हा मेकॅनिकने तीन नंबरवर अक्षरं बोटभर केली, आणि एक कळ दाबली की मशीन ओळ वाचून दाखवेल अशी सोय केली. तशी सोय बाजारात विकत मिळत नव्हती असं नाही, पण मशीनसकट नवं घ्यावं लागलं असतं.

धाकटीने कागद पुढे केला. सिस्टरने चष्मा कपाळावर ढकलला.

"भरवशाची कोणती म्हणजे? ही काय! हिच्यावरच तर माझी अठराशे बाळं जन्माला आली." आणि स्वतःच्याच विनोदावर ती खळखळून हसली. "लिही, पोरी. कंदील."

"कंदील?"

"मग काय! समोर एवढा फलक लावलाय. इतकं चांगलं दुसऱ्या कुणाचं असणार?"

धाकटीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. दोन वाक्यं पुरली असती. सिस्टर, हे कंदीलवालीचं नाही. हे माझ्या बाबांनी बसवलंय, आणि कंदील आला तर हे जाणार आहे. ती वाक्यं तिच्या जिभेवर आली होती. पण मागे सात-आठ जण आपल्या पाळीची वाट पाहत होते, प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर सुचवायचं नसतं असा धंद्याचा नियम होता, आणि नियमाआड लपायला जागा छान मिळते. तिने कंदिलापुढे बरोबरची खूण केली.

मग ते सोपंच झालं. सिस्टरनंतर टपाल खात्यातला एक माणूस आला, मग परीक्षेचे अर्ज भरणाऱ्या दोन बहिणी, मग रोज सगळी वर्तमानपत्रं वाचणारा न्हावी. जो तो वापरत असलेल्या मशीनची तारीफ करी आणि नाव मात्र खिडकीबाहेरचं घेई. त्यांच्याकडे दुसरं नावच नव्हतं. दोनशे सतरा लोकांपैकी एकशे अडुसष्ट जणांनी कंदील म्हटलं. कंदील त्यांच्यातल्या फार थोड्यांनी आयुष्यात कधी वापरला होता.

बाईंनी आकडा पाहिला. "अगं, अजून बसवलंही नाही आणि लोकांच्या तोंडी आपलंच नाव!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "हे तूच मांड सभेत."

सभा वाचनालयाच्याच मोठ्या खोलीत, सकाळी अकराला भरली. कंदीलवालीने खुर्च्यांवर पिवळी पाकिटं ठेवली होती. आत पेन, वही, छोटा कंदील. मंडळाचे नऊ सभासद, ग्रंथपाल, आणि मागे वाचक. सिस्टर पहिल्या रांगेत, पेन कानामागे खोचून.

आधी मेकॅनिकला बोलावलं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशातून तीन पानं काढली आणि वाचायला लागला. पहिली चार मिनिटं ओपन सोर्स सिस्टिम कुणी कशी वापरावी त्या परवान्याच्या अटी. मग जुन्या मशीनची मेमरी किती, नव्या सिस्टिमला किती लागते. माणूस खरं बोलत होता, शब्दन् शब्द खरा; पण सभासदांपैकी एकाने पाकिटातलं पेन उघडझाक करायला सुरुवात केली, एकाने घड्याळ बघितलं. धाकटीला बसवेना. बाबा, तीन नंबर दाखवा, ती मनात ओरडत होती. सिस्टरकडे बोट करा, एवढंच करा. पण तो पानातून डोकं वर काढेना. दहा मिनिटं संपल्याची घंटी वाजली तेव्हा तो दुसऱ्या पानाच्या मध्यावर होता; वरच्या मशीनवर सात वर्षं हीच सिस्टिम चालतेय, हे तिसऱ्या पानावरच राहिलं. "बाकीचं लेखी देतो," असं म्हणून तो खाली बसला. कुणीतरी कर्तव्य म्हणून दोन टाळ्या वाजवल्या.

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं म्हणतात. त्या दिवशी धाकटीने ते समोर घडताना बघितलं, आणि माती विकायला ती स्वतःच उठली.

ती सात मिनिटं बोलली. शेवटी पडद्यावर आकडा आला: दोनशे सतरापैकी एकशे अडुसष्ट. खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मेकॅनिकने हात वर केला.

"ही पाहणी कुठे झाली?" त्याने विचारलं.

"इथेच. वरच्या मजल्यावर," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"म्हणजे लोक आपल्या वरच्या मशीनवर बसलेले होते, तेव्हा."

"हो."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. हातात गोष्ट आली होती. आणखी एकच प्रश्न, आणि एकशे अडुसष्टचा फुगा तिथेच फुटला असता. त्याच्याबरोबर त्याच्या लेकीचाही फुटला असता, नऊ सभासदांसमोर, बाईंसमोर. धाकटी टेबलाची कड धरून उभी होती. तो विचारेल याची तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, विचारावं असं वाटत होतं.

"काही नाही," मेकॅनिक म्हणाला. "माझी शंका फिटली." आणि तो खाली बसला.

सात विरुद्ध दोन मतांनी कंदील आला.

महिन्याभरात एकोणीस मशीन वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात रचली गेली आणि वर नवी चकचकीत आली. मेकॅनिक कुणाला काही बोलला नाही. सकाळी पेपर वाचायला जायचा तेवढा जात राहिला. घरी त्याचं चिकटवायचं सामान, चिमटे, कात्री, कागदाची अक्षरं, एका डब्यात गेलं आणि डबा फळीवर गेला.

एका दुपारी धाकटीला राहवलं नाही. "तुम्ही का नाही विचारलंत सभेत?"

"तुझा आकडा खोटा होता का?"

"नाही."

"लोक खोटं बोलले का?"

"नाही. पण..."

"मग मी कुणाला खोटं पाडायचं होतं?" तो म्हणाला. "सात वर्षांत मी त्यांना एकदाही नाव सांगितलं नाही. त्यांनी समोर दिसलं ते घेतलं. जेव, गार होतंय."

त्याच आठवड्यात ग्रंथपाल रस्त्यात भेटले. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "सिस्टर येत नाहीत हल्ली."

धाकटीने कारण विचारलं. नव्या मशीनमध्येही अक्षरं मोठी करता येत होती. आठ ठिकाणी जाऊन आठ गोष्टी बदलल्या की व्हायचं, आणि दर सकाळी पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं, कारण शाखेतल्या मशीनवर कुणी काही बदलू नये असा मंडळाशी झालेला करार होता. ग्रंथपालांनी दोनदा अर्ज केला होता. अर्ज वर गेला होता.

रविवारी धाकटी सिस्टरच्या घरी गेली. दोन खोल्या, कपाटावर वह्यांची चळत, खिडकीत कुंड्या. सिस्टरने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतःहूनच सुरू झाली: "कंदीलवाल्यांनी बिघडवून टाकलं गं आपलं मशीन. आधी किती चांगलं होतं त्यांचं!"

"सिस्टर, आधीचं त्यांचं नव्हतं."

मग तिने सगळं सांगितलं. करडा पडदा, बापाचं काम, पाहणी, पेन हातात धरून घालवलेला तो क्षण. काही झाकलं नाही. सिस्टर ऐकत गेली तशी तिच्या चेहऱ्यावरची कळा उतरत गेली.

"म्हणजे मी त्याच्याच विरुद्ध मत दिलं? ज्याने मला मशीन बोलतं करून दिलं त्याच्या?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला होतं ना?"

"होतं," धाकटी म्हणाली.

सिस्टरने पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्या हातून दोनदा चूक झाली. दोन्ही वेळा त्याच दिवशी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. उशिरा सांगितलेल्या चुकीचा उपयोग नसतो बाळा, तिचा नुसता इतिहास होतो. तू उशीर केलास." आणि तिला दारापर्यंत सोडायलाही ती उठली नाही.

सोमवारी धाकटीने मंडळाच्या चिटणीसांना पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने असं काही लिहिलं ज्यात एकही चटकदार शब्द नव्हता. पाहणीत कंदिलाचं नाव घेणाऱ्या बहुतेकांनी कंदील वापरलेला नव्हता. ते हातातल्या मशीनबद्दल बोलत होते. हे मला तेव्हाच माहीत होतं आणि मी मांडलं नाही. त्या मशीनचं काम माझ्या वडिलांचं आहे, हेही मी लपवलं. पत्राची एक प्रत तिने बाईंच्या टेबलावर ठेवली.

बाईंनी ते शांतपणे वाचलं. "मला आधी सांगायचंस. मी दुसऱ्या कुणाला दिलं असतं."

"माहीत आहे."

"खोटं तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मी तुला काढत नाही. पण मोठी गिऱ्हाइकं आता तुझ्याकडे नाही देता येणार. समजून घे."

ती समजली. तिच्याकडे बियाण्यांची पाकिटं आणि छत्र्यांची लेबलं आली. त्यांवर किती बी, किती खोल, किती पाणी, एवढंच लिहायचं असे.

मंडळाचं उत्तर चार ओळींचं आलं. पत्र नोंदीस घेतलं आहे. करार झालेला असल्याने निर्णयात बदल नाही. मोडीत काढलेली मशीन मात्र कुणा संस्थेने मागितल्यास देता येतील. धाकटीने ती शेवटची ओळ दोनदा वाचली आणि पत्र घेऊन पुन्हा सिस्टरच्या दारात गेली. या वेळी सिस्टरने ते हातात घेतलं, भिंग लावून अक्षर न् अक्षर वाचलं, आणि म्हणाली, "थांब, चप्पल घालते."

ज्या प्रसूतिगृहात सिस्टरने आयुष्य काढलं, तिथे बाहेर नातेवाइकांना बसायची एक लांबोडकी खोली होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई सिस्टरच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. सहा मशीन तिथे गेली. मेकॅनिकने फळीवरचा डबा खाली काढला, तीन दिवस खपून सहाही सुरू केली. करडा पडदा आला आणि गेला.

"बाबा," धाकटी म्हणाली, "या वेळी नाव लावायचं."

"आता काय उरलंय नाव लावायला?"

"हे उरलंय. तुम्ही याला काही नाव दिलंच नव्हतं का कधी?"

तो ओशाळल्यासारखा झाला. "फायलींमध्ये आहे एक. ओसरी."

"ओसरी?"

"कुणीही येऊन टेकावं, पाणी प्यावं, पुढे जावं. मालकाला विचारायला नको." तो बोटांनी टेबलावरची धूळ गोळा करत होता. "आपल्यापुरतं ठेवलं होतं."

सात वर्षं त्याच्याशी वाद घालताना तिने हे कधी विचारलंच नव्हतं. तुमचं नाव लावत नाही, सिस्टिमचं लावते, असं सांगून तिने त्याच्याकडून होकार घेतला. पडद्यावर ठळक अक्षरांत ओसरी आलं, आणि खाली बारीक: हे कुणा एकाचं नाही, तुम्हीही घेऊन जा. भिंतीवर एक पुठ्ठ्याची पाटी लागली. दर शनिवारी दुपारी धाकटी तिथे बसू लागली. येणाऱ्याला सांगायची, हे काय आहे, कुणी केलं, फुकट का आहे, घरच्या जुन्या मशीनवर कसं घालता येईल. पहिल्या महिन्यात तिघांनी नेलं. लोकांना फुकट म्हटलं की आधी संशय येतो. त्यात काय खोट आहे, असं विचारत. पण बाळाची वाट बघत बसलेल्या माणसाला वेळ भरपूर असतो आणि गेल्यावर सांगायला नातलग पुष्कळ असतात. सिस्टर तर हातातलं टिपण सोडून उठायची आणि हिच्यावर माझी दोन हजार झाली, असं दिसेल त्याला ऐकवायची.

वर्षभरात एका शिवणशाळेने ओसरी नेली, एका सहकारी दुकानाने, दोन छोट्या शाळांनी. सगळी मिळून पन्नासेक मशीन. कंदील एकेचाळीस शाखांत होताच, आणि शाळाही त्याच्याकडे जात होत्या. टायरच्या दुकानावर नवी ओळ लागली होती, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली. धाकटीने ती वाचली, आणि ती तिला बरी वाटली, हे तिला बोचलं.

त्या दिवसांतल्या एका शनिवारी बापलेक प्रसूतिगृहातून चालत घरी निघाले. उन्हं उतरत होती. मेकॅनिक हल्ली गुडघ्यामुळे हळू चालायचा.

"त्या सभेत मी तुझ्यासाठी गप्प बसलो, असं तुला वाटतं," तो अचानक म्हणाला.

ती थांबली.

"अर्धं खरं आहे. तेवढंच खरं समजून तू स्वतःला खात बसलीयस, म्हणून सांगतो." त्याने श्वास घेतला. "प्रश्न माझ्या तोंडात आला होता. तो विचारला असता तर पुढे म्हणावं लागलं असतं, की हे मी केलंय. भर सभेत. मला लाज वाटली. सात वर्षं मी त्याला मोठेपणा समजत होतो. ती भीतीच होती गं. नाव सांगितलं आणि लोकांनी विचारलं, तू कोण रे? मग?"

दोघं रस्ता ओलांडायला कडेला उभी होती. पलीकडून गाड्या भरधाव येत होत्या.

"सिस्टरचे डोळे गेले तर आता मशीन वाचून दाखवतं ते आणखी सुधारायला हवं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "परदेशातल्या एकाने काहीतरी लिहिलंय म्हणे. बघायला हवं. त्याला पत्र लिहायचंय, तू लिहून देशील?"

"देईन."

"माझ्या नावाने लिही," मेकॅनिक म्हणाला, आणि रस्ता मोकळा झाल्यावर तिचा हात धरून पलीकडे गेला.